अडीच वर्षांचा खोटा एक्सपिरियन्स घेऊ का, ताई?

पत्र:

ताई, मी उदगीरजवळच्या एका गावातली. २०२३ ला इंजिनिअरिंग झालं, ६४ टक्के आहेत, कॅम्पसला काही आलंच नाही. मग आईचं ऑपरेशन निघालं त्यात चार महिने गेले, नंतर गावातच एका क्लासवर आठवी ते दहावीच्या पोरांना आठ महिने गणित शिकवलं. मग पुण्यात येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. वर्षभरात चारशेच्या वर ठिकाणी अप्लाय केलं, कॉल आले पाच. जिथे तिथे दोन वर्षांचा एक्सपिरियन्स मागतात नाहीतर फ्रेशर म्हणून २०२५ चा पासआउट मागतात, मी दोन्हीकडे बसत नाही. माझ्या रूममेटने एका कन्सल्टन्सीकडून अडीच वर्षांचा एक्सपिरियन्स काढून घेतला, ऑफर लेटर, पे स्लिप, नोकरी सोडल्याचं रिलिव्हिंग लेटर सगळं, आणि तिला साडेसहा लाखांचं पॅकेज लागलं. तिच्यापेक्षा मला जास्त येतं, हे तीच म्हणते. मी पण पाच हजार टोकन दिलंय, ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडे ठेवून घेतल्यात, एकूण साठ हजार सांगितलेत. बाबांनी सोयाबीन क्विंटलला ४,२०० नी घातलं त्यातले पैसे पाठवतो म्हणाले, त्यांना मी 'ॲडव्हान्स कोर्स' सांगितलंय. सगळेच करतात ताई, मग मी एकटीनेच प्रामाणिक राहून काय मिळवायचं? सोबत सीव्ही जोडलाय.

उत्तर:

सगळ्यात आधी त्या ओरिजिनल मार्कशीट परत आण, बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल. एकटी जाऊ नकोस, कुणालातरी सोबत ने, आणि जायच्या आधी व्हॉट्सॲपवर साध्या भाषेत मेसेज टाक की माझ्या अमुक अमुक ओरिजिनल मार्कशीट तुमच्याकडे आहेत, उद्या अकरा वाजता घ्यायला येते. त्यांनी त्यावर नुसतं ओके लिहिलं तरी तुझ्याकडे पुरावा झाला. बाकीचे पैसे भरा मग देतो म्हणाले तर भांडत बसू नकोस, सरळ पोलीस चौकीत लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे, बऱ्याचदा अर्जाची पोच दाखवल्यावर मार्कशीट निघतात. पाच हजार गेले समज. मिळाले तर चांगलंच आहे, पण त्या पाच हजारांसाठी अजून पंचावन्न घालू नकोस.

आणि त्यांना बँकेचं पासबुक, एटीएम, ओटीपी यातलं काही दिलंयस का ते तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. कारण हे लोक 'सॅलरी क्रेडिट दाखवतो' म्हणून तुझ्याच खात्यात महिन्याला पैसे टाकतात आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतात, ते पैसे कुठून येतात तुला माहीत नसतं, उद्या कुठल्या फ्रॉडचा पैसा तुझ्या खात्यातून फिरला तर चौकशीला तुलाच बोलावणार. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन कार्ड ब्लॉक कर आणि पिन, पासवर्ड बदलून टाक.

आता तुझा प्रश्न. मी चौदा वर्षं पुण्यात रिक्रूटमेंट केलं, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा सगळीकडे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगू शकते. तुझा राग खरा आहे आणि त्यात काही चुकीचं नाही. २०२२ ला ऑफर लेटर हातात मिळालेल्या पोरांनासुद्धा मोठ्या कंपन्यांनी दीड-दीड, दोन-दोन वर्षं जॉइनिंगसाठी लटकवलं होतं, त्यामुळे २०२३ ची तुमची बॅच बाहेर पडली तेव्हा दारात आधीच रांग होती. तुम्ही मेहनत केली नाही म्हणून असं झालं असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. आणि तो पासिंग इयरचा फिल्टर मी स्वतः लावलेला आहे, कितीतरी वेळा, मॅनेजर म्हणायचा चालू वर्षाचेच पाठवा आणि मी एका क्लिकमधे मागच्या दोन वर्षांची सगळी पोरं उडवायची, त्यात कोण काय शिकलंय कुणाची आई आजारी होती काही न बघता. ते अन्यायाचंच होतं. तेव्हा मला तसं वाटलं नाही, आता तुझ्यासारखी पत्रं वाचते तेव्हा वाटतं.

पण त्याच टेबलावर बसून मी खोटे कागदही पाहिलेत, आणि ते कसे पकडले जातात तेही. एकदा एक मुलगा, बोलायला चांगला, अडीच वर्षांचा एक्सपिरियन्स, सगळे राउंड क्लिअर, ऑफर द्यायची म्हणून मी शेवटच्या तीन पे स्लिप मागितल्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या स्लिपवर 'एकूण दिवस ३०, हजर दिवस ३०'. मी ती स्लिप त्याच्यासमोर ठेवली आणि नुसतं बोट ठेवलं त्या तीसवर. त्याला आधी कळेना, मग कळलं, आणि तो पोरगा इतका पांढरा पडला की मीच त्याला पाणी दिलं. त्याने ती स्लिप बनवली नव्हती, पैसे देऊन विकत घेतली होती, आणि ज्याने विकली त्याने तेवढा विचारही केला नव्हता. नंतर कळलं की त्याच्या वडिलांनी म्हैस विकली होती त्यासाठी. मला आजही तो फेब्रुवारी आठवतो.

तुला म्हणतील पे स्लिप नीट बनवू, पीएफ पण भरून दाखवू. पीएफचं ऐक. तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच असतो आयुष्यभर, आणि त्याच्या पासबुकात कुठल्या महिन्याच्या पगाराचे पैसे कुठल्या तारखेला जमा झाले ते दिसतं, मग दोन वर्षांचे सगळे महिने एकाच आठवड्यात भरलेले असले की बघणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. पीएफच नाही म्हणावं तर वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पीएफ लागतो, मग कंपनी केवढी होती हा पुढचा प्रश्न येतो. आयकराच्या फॉर्म २६एएस मधे टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर दिसतो. बीजीव्ही, म्हणजे कागदांची पडताळणी करणारा माणूस कंपनीच्या पत्त्यावर जाऊन बघतो तर तिथे झेरॉक्सचं दुकान असतं. आणि हे जॉइनिंगच्या आधीच होतं असं नाही, जॉइन होऊन सहा महिने, वर्ष झाल्यावरही होतं. नोव्हेंबर २०२२ मधे ॲक्सेंचरने जाहीर सांगितलं होतं की अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची लेटर लावून आलेल्या लोकांना भारतात कामावरून काढलं, ती माणसं तेव्हा आत बसून काम करत होती, त्यातल्या कित्येकांना काम येतही असेल. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. कंपनी बहुतेक वेळा केस करत नाही, काढून टाकते, पण मग ती जी खरी नोकरी केलीस तिचं रिलिव्हिंग लेटर मिळत नाही आणि तुझं खरं काम पण सीव्हीवर लिहिता येत नाही.

आता समज पकडलीच गेली नाहीस. तुझी रूममेट नाही गेली अजून, आणि जाऊ नये असंच मला वाटतं, मी तिचं वाईट चिंतत नाही. पण तिला एकदा शांतपणे विचार की तिला डब्याच्या वेळेला भीती वाटते का. गंमत म्हणून विचारत नाहीये मी. जेवताना माणसं सहज विचारतात, आधी कुठे होतीस, तिथे रिलीज कधी असायचं, मॅनेजर कोण होता, अरे माझा भाऊ त्याच बिल्डिंगमधे होता. इंटरव्ह्यूची तयारी करता येते, डब्याची नाही करता येत. अशा मुली एकट्या जेवायला लागतात, मी पाहिलंय. शिवाय अडीच वर्षांच्या माणसाकडून अडीच वर्षांचं काम मागतात, नवी आहे समजून घ्या असं म्हणायचा हक्क तू विकलेला असतो, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात तो हक्क किती कामाचा असतो ते तुला आत्ता कळणार नाही.

आणि अजून एक, जे मला जास्त टोचतं. साडेसहाच्या त्या जागेसाठी अजून कोणीतरी आली असेल, जिने खरंच अडीच वर्षं कुठेतरी छोट्या कंपनीत अठरा हजारावर घासलेत, तिच्याकडे खरी पे स्लिप होती आणि तिचा नंबर मागे गेला. तुझ्यावर जो अन्याय झाला तोच तू पुढच्या मुलीवर ढकलणार, आणि ती पण बहुतेक कुठल्या तरी उदगीरची, बार्शीची, मेहकरचीच असणार, कारण या बाजारात धडपडणारी पोरं तीच असतात. ज्यांच्या घरात ओळखी आहेत ते या रांगेत उभेच राहत नाहीत. फ्रेशरला दार का बंद होतं याचं एक कारण हेही आहे की खोट्या एक्सपिरियन्सचे इतके लोक आले की रिक्रूटर कुणावरच विश्वास ठेवेनासे झाले. सगळेच करतात असं तू लिहिलंयस. सगळे नाही करत, न करणारे रूमवर येऊन सांगत नाहीत एवढंच.

साठ हजार म्हणजे बाबांचं १४-१५ क्विंटल सोयाबीन होतं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना त्यांनी ४,२०० नी घातलं ते तुझ्यासाठीच घातलं असणार. त्यांना फोन करून ॲडव्हान्स कोर्सचं खरं काय ते सांग. ओरडतील, पण सांग.

बरं, आता तुझा सीव्ही. मी तो नीट वाचला आणि मला वाईट वाटलं, कारण तू पत्रात जेवढी दिसतेस त्याच्या निम्मीसुद्धा त्यात नाहीस. पहिल्या ओळीत 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' लिहिलंय, हे वाक्य मी इतक्या हजार वेळा वाचलंय की डोळा आपोआप पुढे सरकतो. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, हॉबी लिसनिंग म्युझिक, खाली डिक्लेरेशन. हे सगळं काढ, कोणी मागत नाही. आणि आठ महिने गणित शिकवलं ते कुठेच नाही! क्लासवाल्या सरांकडून साध्या लेटरहेडवर एक पत्र घे, अमुक महिना ते अमुक महिना शिकवत होती, हा तुझा खरा एक्सपिरियन्स आहे आणि तो फुकट आहे. दहावीच्या पोराला बीजगणित समजावून सांगता येणाऱ्या मुलीला डेव्हलपरला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, समजावून सांगणं जड जाणार नाही, हे इंटरव्ह्यूमधे असंच्या असं बोल. चार महिन्यांचं आईचं ऑपरेशन लपवू नकोस. 'त्या काळात मी घरी होते, आईचं आजारपण होतं, आता ती बरी आहे' एवढ्या एका वाक्यात सांगायचं आणि थांबायचं, माफी मागितल्यासारखा आवाज काढायचा नाही. गॅपमुळे मी कुणाला नाकारलं त्यापेक्षा गॅपबद्दल गडबडून उलटसुलट बोलल्यामुळे जास्त नाकारलं.

तयारीचं सांगते. मी एका मुलाला घेतलं होतं, शून्य एक्सपिरियन्स, दोन वर्षांचा गॅप, इंग्रजी अडखळत. त्याला विचारलं टेस्टिंग कशात केलंय तर तो म्हणाला मॅडम कंपनीत नाही केलं पण हे केलंय, आणि त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. त्यात त्याने एका बस बुकिंगच्या ॲपची स्वतःच्या मोबाईलवर टेस्टिंग केलेली, ३७ बग, प्रत्येकाला नंबर, कुठल्या स्टेपने गेलो, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि बाजूला लाल पेनने सिव्हिरिटी, म्हणजे चूक किती गंभीर, ती वेगळी आणि प्रायॉरिटी, म्हणजे आधी कुठली दुरुस्त करायची, ती वेगळी. एक बग असा की परतीच्या तिकिटाची तारीख जायच्या तारखेच्या आधीची टाकली तरी ॲप घेत होतं. दुसरा, वय शून्य टाकलं तर ज्येष्ठ नागरिकाची सवलत लागत होती. टेक्निकल पॅनेलवाल्याने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि वीस मिनिटं ते दोघं त्या शून्य वयावरच बोलत बसले, माझ्याकडे कोणी बघेना. त्याला सिव्हिरिटी-प्रायॉरिटीची व्याख्या विचारायची गरजच राहिली नाही.

तू कोर्समधे जे ई-कॉमर्सच्या डेमो साइटचं प्रोजेक्ट सीव्हीवर टाकलंयस ते तुझ्या बॅचच्या सगळ्या पोरांच्या सीव्हीवर शब्दाला शब्द तेच असणार, आणि तुम्ही सगळे त्याच कंपन्यांना अप्लाय करता. ते राहू दे खाली कुठेतरी, पण वर तुझं स्वतःचं काहीतरी हवं. रोज वापरतेस ती दोन ॲप घे, मेस बुकिंगचं, गॅसचं, कुठलंही. फक्त साधं वापरून जे दिसतं तेवढंच बघायचं, कुणाच्या सिस्टममधे घुसायचा प्रयत्न करायचा नाही. जिरा नावाचं बग नोंदवायचं टूल फुकटात वापरता येतं छोट्या कामासाठी, त्यात बग टाक म्हणजे टूल पण हाताखालून जाईल. आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. तू सीव्हीवर 'बेसिक एसक्यूएल' लिहिलंयस, हा बेसिक शब्द बघितला की पॅनेल मुद्दाम जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडायला, विचारतं. रोज एक तास जॉइन आणि ग्रुप बाय, महिनाभर, मग बेसिक काढून टाक. जे येत नाही ते सीव्हीवरून काढ आणि जे आहे त्यातलं काहीही विचारलं तरी दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे अशी तयारी कर. येत नसलं तर 'हे मी केलेलं नाही, पण मी असं शोधेन' म्हणायचं. मी बसायचे त्या पॅनेलवर या उत्तराचे मार्क कधी गेले नाहीत.

चारशे ठिकाणी एकच सीव्ही टाकणं बंद कर. दिवसाला तीनच, पण जाहिरात वाचून त्यातले शब्द तुझ्याकडे खरोखर असतील तर वर आणून. नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइलमधे रोज सकाळी काहीतरी छोटं अपडेट करत जा, कारण शोधताना आम्ही बऱ्याचदा गेल्या पंधरा दिवसात कोण ॲक्टिव्ह होतं तेवढेच बघायचो, तू चार महिन्यांपूर्वीचं प्रोफाइल असलीस तर तू दिसतच नाहीस. मोठ्या नावांच्या मागे न लागता तीस-चाळीस माणसांच्या कंपन्या बघ, बाणेर, बावधन, कोथरूडला भरपूर आहेत, तिथे इयरचा फिल्टर लावायला वेगळी एचआर टीमच नसते, मालक स्वतः बघतो. पगार कमी असेल. पंधरा-अठरा हजार असेल. पण पे स्लिप खरी असेल. अप्रेंटिसशिपसाठी सरकारचं नॅट्स पोर्टल आहे, डिग्रीवाल्यांनाही तिथे जागा असतात, स्टायपेंड मिळतो आणि त्याचं सर्टिफिकेट कुठल्याही बीजीव्हीत टिकतं.

रेफरल मागायची लाज वाटते असं दिसतंय, कारण तू लिहिलंच नाहीस त्याबद्दल. रेफरल आणि वशिला यात फरक आहे गं. वशिल्यात इंटरव्ह्यू न होता काम होतं, रेफरलमधे फक्त तुझा सीव्ही कुणीतरी माणूस उघडून बघतो आणि पुढे तुझं तुलाच द्यावं लागतं. कॉलेजच्या सीनियर्सना लिंक्डइनवर लिही, 'जॉब आहे का' असं नको, 'तुमच्या कंपनीत ही जागा निघालीय, तिचा नंबर हा, माझा सीव्ही हा, योग्य वाटला तर पुढे द्याल का' असं. दहा जणांना लिहिलंस तर दोघं तरी उत्तर देतात. रूममेटलाही सांग, ती आत आहे ना, आणि तुला जास्त येतं असं तीच म्हणते ना. ती घाबरून नाही म्हणाली तर मनावर घेऊ नकोस, का घाबरते ते तुला माहितीय.

लग्नाचं विचारतील. मुलींना विचारतातच, गावाकडच्या असल्या की जास्त. भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही असा कायदा १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत आलाय, पण समोर बसून कायदा काढण्यात तुझा फायदा नाही. 'मी पुण्यात राहते, इथेच काम करायचंय' एवढं सांगून विषय कामाकडे ने. त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं तर ती जागा कशी असेल ते तुला तिथेच कळेल.

आणि कुठलीही खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही, ना ट्रेनिंग डिपॉझिट ना लॅपटॉप सिक्युरिटी. मागितले की उठायचं.

किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. तीन महिनेही लागतील, आठही लागतील, त्या काळात कर्वेनगरातच दहावीच्या दोन-तीन ट्यूशन घे, कॉटचं भाडं निघेल आणि बाबांकडे मागावं लागणार नाही, तुझं गणित आहेच. सीव्ही नव्याने लिहिलास की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. त्याच्या आधी मार्कशीट. मिळाल्या की त्याच दिवशी दोन शब्द लिहून कळव, मी वाट बघतेय.

तुझी ताई